खच्ची केलेला बोका आणि देवघराची चौकट

भंडारा जिल्ह्यांतील करडी येथून एका भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांनीं नागपुराहून एक बोका घरीं आणिला. तो शस्त्रक्रिया करून खच्ची केलेला असल्यामुळें ‘तो प्रकार’ होणार नाहीं, अशी ग्वाही देणाऱ्यानें दिली होती. परंतु पंधरा दिवसांतच देवघराच्या चौकटीवर, धानाच्या कोठीवर आणि सोवळ्याच्या धाबळीवर त्यानें मूत्राचा फवारा मारिला. सासूबाईंनीं त्यास पोत्यांत घालून वैनगंगेपलीकडे सोडण्याचें ठरविलें आहे. शस्त्रक्रिया खोटी कीं बोका खोटा, असा भगिनींचा प्रश्न आहे.

बहुधा दोहोंपैकीं एकही खोटें नाहीं. कॅलिफोर्नियांतील हार्ट व बॅरेट ह्यांनीं १९७३ सालीं, वयांत आल्यावर खच्ची केलेल्या बोक्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत शेंकडा ७८ बोक्यांची ही खोड लवकर सुटली, ९ जणांची हळूहळू सुटली, बाकीच्यांची सुटलीच नाहीं. १९८४ च्या दुसऱ्या पाहणींत कोवळ्या वयांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकींही शेंकडा १० बोके व ५ भाट्या पुढें फवारा मारीत असल्याचें आढळलें. शस्त्रक्रियेनें फेलिनीन हें द्रव्य कमी होऊन मूत्राचा उग्र दर्प ओसरतो हें खरें. परंतु फवारा मारणें ही मांजराची निशाणी आहे. जुन्या ओळखीचे सारे वास हरपून परक्या घरांत पडलेलें जनावर, स्वतःच्या वासानें तें घर आपलेंसें करूं पाहतें. त्यांत द्वेष नाहीं, सूड तर नाहींच.

प्रथम बोका ही क्रिया कशी करितो तें पाहावें. उभा राहून, शेपटी ताठ करून, तिचें टोक थरथरवीत भिंतीवर थोडेंसें उडविलें, तर तो फवारा. खालीं बसून जमिनीवर केलें, तर वाळूचें तबक नापसंत आहे किंवा मूत्राशयास विकार आहे. आणि वारंवार बसूनही थेंब पडत नसेल, बोका कण्हत असेल, तर त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो तुंबल्यास एकदोन दिवसांत प्राण जातो. करडीकरांस नागपूरचें पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळचें आहे. क्वचित् एक वृषण पोटांतच राहून गेलेलें असतें. तीही तपासणी तेथें करून घ्यावी.

पत्रांत एक ओळ आमच्या डोळ्यांत भरली : रात्रीं कवेलूंवर दुसऱ्या बोक्यांची भांडणें चालतात. धानाच्या मुलुखांत उंदीर फार, म्हणून बोकेही फार. खिडकीबाहेर परका बोका दिसला कीं आंतला बोका चौकटीवर सही करितो! सबब ती खिडकी रात्रीं लावावी, बाहेर उष्टें टाकूं नये, आणि नव्या बोक्यास पहिले कांहीं आठवडे एकच खोली द्यावी. तींत त्याची गोधडी, उंच बसण्याची जागा व रोज साफ होणारें वाळूचें तबक असावें.

आतां फिनेल. आपल्याकडे घाण म्हटली कीं बाटली आधीं हातांत येते. परंतु फिनेलांतील कार्बोलिक जातीचीं द्रव्यें पचवून बाहेर टाकण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फारच तोकडी आहे. पाय ओले झाले, ते त्यानें चाटले, कीं विषबाधा. अमोनियाही नको; त्याच्या वासानें बोका पुन्हा तेथेंच येतो. गार पाण्यानें पुसून, ह्याच कामासाठीं मिळणारें पाचकद्रव्ययुक्त धावन लावावें व जागा पूर्ण वाळूं द्यावी. त्याच ठिकाणीं त्याचें अन्न ठेविल्यास बहुधा तो ती जागा सोडितो; अर्थात् देवघरापाशीं हा उपाय चालणार नाहीं. तेथें दार लावून घेणें, एवढेंच.

मारझोड करूं नये. भ्यालेला बोका अधिक फवारे मारितो. एवढें करूनही महिना-दीड महिन्यांत उतार न पडल्यास पशुवैद्य मनःशांतीचें औषध देतात व तें पुष्कळांस लागू पडतें. घरांतील माणसांच्या गोळ्या मात्र देऊं नयेत.

सासूबाईंस एवढेंच कळवावें कीं, मांजर मारल्यास सोन्याचें मांजर काशीस वाहावें लागतें हें त्या जाणतातच; पण १९६० च्या कायद्यानें पाळीव जनावर अकारण सोडून देणें हाही अपराध आहे. घरांत पोसलेला बोका नदीपलीकडे किती दिवस तगेल?

‘सोबतीस दुसरा बोका आणावा काय?’ असें ताजा कलमांत विचारिलें आहे. तूर्त मुळींच आणूं नये. घरांत मांजरें जितकीं अधिक, तितके फवारे अधिक.