'तयारी' नावाची नोकरी

आमच्या नात्यात सध्या तीन मुलं 'तयारी' करताहेत. कशाची, ते कुणी विचारत नाही. मुलगा बी.ए. झालाय, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, मेसला जेवतो, सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन बसतो, म्हणजे ते उघडच आहे. राग यायचा असेल तर आत्ताच येऊ द्या मंडळी, पण हे लिखाण त्या मुलांवर नाही. आपल्यावर आहे. काका, मामा, मावश्या, आत्या यांच्यावर. (त्यातल्या दोघांची मी आत्येआजी लागते, तेव्हा बोलायचा हक्क आहे असं धरून चालते.)

स्पर्धा परीक्षा वाईट, असं माझं मुळीच म्हणणं नाही. माझे विद्यार्थी फौजदार झाले, एक तहसीलदार झाला. वर्दी घालून शाळेत भेटायला आले तेव्हा ऊर भरून आला होता. पण बी.ए.नंतर हाच एक रस्ता, असं आपण कधी ठरवून टाकलं? सायन्सच्या मुलाला आपण दहा गोष्टी विचारतो. आर्ट्सच्या मुलाला एकच. "मग काय, एमपीएससी का?" त्यालाही बरं वाटतं, उत्तर आयतं मिळालं. तीन वर्षांत कुठला विषय मनापासून वाचला, माणसांत रमतो की एकट्यानं बसून काम करायला आवडतं, रोज काय करायला कंटाळा येणार नाही, यातलं काही ठरवावंच लागत नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. याला आपण निवड म्हणतो, पण ही निवड पुढे ढकलायची सोय आहे, आणि तिचा खर्च बाप दर महिन्याला पाठवतो.

आता थोडं गणित. (माझा विषय नव्हे, पण एवढं येतं.) केंद्राच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेला २०२३ साली प्रत्यक्ष बसली ५,९२,१४१ मुलं. शेवटी शिफारस झाली १,०१६ जणांची. म्हणजे ५८३ मागे एक. माझ्या वर्गात साठ मुलं असायची. तसे जवळजवळ दहा वर्ग भरवायचे आणि त्यातून एक उभा करायचा! बाकीच्यांनी काय करायचं, हे कुठल्या क्लासच्या फ्लेक्सवर लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. केंद्राच्या परीक्षेला खुल्या गटासाठी निदान ३२ वर्षं आणि सहा प्रयत्न अशी वेस तरी आहे. आपल्या राज्यसेवेची खुल्या गटाची मर्यादा २०१६ मध्ये ३३ वरून ३८ केली. मुलांच्या भल्यासाठीच केली, मान्य. पण ३८ म्हणजे किती हो? त्या वयात माझी पंधरा वर्षं नोकरी झाली होती आणि मुलगी सातवीत होती.

मार्च २०२१ मध्ये तीन दिवसांवर आलेली परीक्षा पुढे ढकलली आणि नवी पेठेत मुलं रस्त्यावर उतरली, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, हळहळलो आणि चॅनल बदललं.

मला खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. 'तयारी' हा आता हुद्दा झालाय. लग्नकार्यात "मुलगा काय करतो?" "तयारी करतो." समोरचा मान डोलावतो. पाच वर्षं झाली तरी डोलावतोच. आणि आमच्याच घरातली एक मुलगी, इतिहास घेऊन बी.ए. झाली, हट्टानं मोडी शिकली, आता लोकांची जुनी दस्तऐवजं वाचून देते. पगार बेताचा आहे, पण आपल्या पायावर उभी आहे. तिच्याबद्दल काय बोललं जातं? "करते काहीतरी कागदाबिगदांचं." २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी गावोगावची जुनी दप्तरं उघडली तेव्हा मोडी वाचणारं माणूस शोधत फिरायची पाळी आली होती, हे तरी आठवा. आणि जाता जाता सांगते, हीच मुलगी 'तयारी' करत असती, तर दोन वर्षांत तिच्यासाठी स्थळं पाहायला लागला असतात. पाच वर्षांची मुभा मुलग्यांना.

यावर ठरलेला टोला येतो, "मग बी.एड. करू दे, तू नाही का केलंस?" केलं ना. १९७३ ला बी.ए., मग एका वर्षाचं बी.एड. खेडोपाडी हायस्कुलं निघत होती, लगेच नेमणूक मिळाली. आता बी.एड. दोन वर्षांचं. मग टीईटी, टेट, पवित्र पोर्टल, आणि नंतर तीन वर्षं शिक्षणसेवक. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत महिन्याला ८,००० रुपये मिळायचे, मग ते १८,००० केले. वर्गात उभं राहिल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही त्यानं हे जरूर करावं. आत्येआजीनं केलं म्हणून करू नये.

बाकी रस्ते नाहीत का? कुठल्याही पदवीवर तीन वर्षांचं एल.एल.बी. करता येतं. एम.एस.डब्ल्यू. करता येतं, ग्रंथालयशास्त्र वर्षाभरात होतं. भाषांतर आता यंत्र करतं म्हणतात. करू दे. पण परवा एका औषधाच्या डबीवरचं मराठी वाचलं आणि गोळी घ्यावी की नको कळेना. ते तपासायला मराठी येणारं माणूस लागणारच, फक्त त्याला नुसतं बी.ए.चं सर्टिफिकेट पुरणार नाही, मराठी खरंच यायला हवं.

ज्याला परीक्षा द्यायचीच आहे त्यानं द्यावी. पण हाताशी काम ठेवून. अर्धवेळ असेल, लहान असेल, कुणाच्या दुकानात हिशेब लिहायचा असेल. आणि किती प्रयत्न, ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहून बापाच्या हाती द्यावं. माझ्या मते दोन. तिसरा मागायचा तर दोघांनी समोरासमोर बसून, खर्चाची वही उघडून. पुतण्याला मी हे फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "आत्या, त्याचं मन मोडेल." अरे, सत्ताविसाव्या वर्षी मोडलेलं मन जोडता येतं. अडतिसाव्याला काय करशील?

असो. माझ्याकडे मोडीची तीन जुनी पुस्तकं आणि कित्त्याच्या वह्या पडून आहेत. नात्यातल्या कुणाला हव्या असतील तर दिवाळीच्या आत घेऊन जा. चहा मिळेल.