विसरण्याचा मंत्र

हॉलिवूडवाल्यांनी गेलेले सगळे परत आणले. १६ डिसेंबर २०२१ ला ‘स्पायडरमॅन : नो वे होम’ आपल्याकडं लागला. २००२ ते २००७ च्या तीन सिनेमांतला जुना स्पायडरमॅन, २०१२ आणि २०१४ च्या दोन सिनेमांतला मधला आणि आत्ताचा पोरगा, तिघं एका पडद्यावर. सोबत त्यांचे पाच जुने दुश्मन. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मारा की! दिवसभर पाठ मोडणाऱ्याला थेटरातला अंधार पाहिजेच. फक्त बाहेर पडताना डोकं खुर्चीखाली विसरून येऊ नका.

कारण हा अख्खा सिनेमा विसरण्यावरच उभा आहे. नायकाचं खरं नाव जगाला कळतं. तो जादूगाराकडं जातो, म्हणतो, लोकांच्या डोक्यातनं माझी ओळख पुसून टाक. मंत्र फसतो आणि ज्यांना ती ओळख ठाऊक आहे ते दुसऱ्या जगांतनं इथं येऊन पडतात. त्यांतल्या काहींना परत धाडलं तर मरण ठरलेलं. पोरगा म्हणतो, मारायचं नाही, बरं करायचं. इथपर्यंत त्याला आमचा सलाम. खलनायक आईच्या पोटातनं येत नाही, त्याला घडवलं जातं, हे तरी तो ओळखतो.

या दुश्मनांत एक इलेक्ट्रो आहे. काळा माणूस. कंपनीत विजेचं काम करणारा, ज्याच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. मधल्या स्पायडरमॅनचा गोरा चेहरा बघून तो बोलून जातो की तू क्वीन्सचा, गरिबांना मदत करणारा, मला वाटलं तू काळाच असशील. कुठंतरी काळा स्पायडरमॅन असणारच. थेटर हसतं. पण अख्ख्या सिनेमात खरा सवाल हाच आहे : मुखवट्याखाली कोण?

हाच सवाल आपल्याकडं टाका. भारतातला स्पायडरमॅन २००४ मध्ये कॉमिकात आला. नाव काय, तर पवित्र! पवित्र प्रभाकर. खेड्यातनं स्कॉलरशिपवर मुंबईत आलेला गरीब पोरगा, कमरेला धोतर. अमेरिकेत कोळी चावून ताकद येते, इथं योगी प्रसन्न होतो. आणि गुंडांच्या हातनं बाईला सोडवायला धावणारा, त्यात मरणारा काका, त्याचं नाव भीम. मरायला भीम, झळकायला पवित्र! पीटर पार्करच्या आणि बेनकाकाच्या चालीवर नावं जुळवलीत, हे आम्हालाही कळतं. पण चाल जुळवताना हात नेमका कुठल्या शब्दाकडं जातो तेही बघा. २०२३ मध्ये हाच पवित्र ‘अ‍ॅक्रॉस द स्पायडरव्हर्स’मध्ये पडद्यावर आला आणि मराठीतसुद्धा बोलला.

स्पायडरमॅनच्या घरात एक शिकवण चालत आलीय : ज्याच्यापाशी जास्त बळ, त्याच्यावर जास्त जबाबदारी. इंग्रजीत त्यांचा शब्द एकच. मराठीत त्याचे दोन होतात, शक्ती आणि सत्ता. गोदीत पोती वाहणाऱ्याच्या अंगात शक्ती हाय, हातात सत्ता न्हाय. ज्यांच्या हातात सत्ता हाय त्यांनी जबाबदारी कशी पाळली, ते आमच्या नगर जिल्ह्यात येऊन बघा.

नागराज मंजुळेचा ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला. गोष्ट नगरजवळच्या अकोळनेरातली. जब्याला ना जाळं ना मुखवटा, हातात फक्त दगड. शेवटी तो दगड बघणाऱ्यांच्याच तोंडावर येतो. त्यानंतर अडीच महिनेही झाले नव्हते. २८ एप्रिलला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात नितीन आगे हा शिकणारा दलित पोरगा मारला गेला. वय १७. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरनं मारून झाडाला टांगला, अशी फिर्याद. साक्षीदार एकामागून एक उलटले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या कोर्टातनं आरोपी निर्दोष सुटले. निकाल कोर्टापाशी राहू द्या. पण पोरगा मेला आणि मारणारा कुणीच नाही, हा हिशेब कुठल्या वहीत बसतो?

इथं जादूगार लागला नाही. बघितलं नाही, ऐकलं नाही, आठवत नाही. गावगाड्याचा हा मंत्र सहसा फसत नाही. पण फसवता येतो. १ जानेवारी २०१३ ला याच जिल्ह्यात सोनईला तीन मेहतर तरुणांना मारलं. खटला नाशिकला हलवावा लागला आणि २०१८ मध्ये आरोपी दोषी ठरले. म्हणजे विसरणं काही नशिबात लिहून आलेलं नाही.

सिनेमाच्या शेवटी सगळं जग नायकाला विसरतं. मैत्रीण विसरते, दोस्त विसरतो. तो मुकाट भाड्याच्या खोलीत एकटा राहायला जातो. याला ते त्याग म्हणतात. असला त्याग आमच्या बापजाद्यांनी हजारो वर्षं केला. बिननावानं जगले, बिननावानं मेले. आता बास!

आपल्या मदतीला दुसऱ्या जगातनं कुणी उडी मारून येणार नाही. नितीन परत येणार नाही, त्याचं नाव मात्र आपल्याला रोज परत आणता येतं. म्हणून कोर्टाच्या तारखेला हजर राहा. साक्षीदार एकटा पडला की उलटतो, त्याच्या घरापाशी बसा, त्याच्या रोजगाराचं बघा, त्याच्यासंगं एसटीनं नगरला जा. दर २८ एप्रिलला भिंतीवर नाव लिहा. कुणी पुसलं तर पुन्हा लिहा. थेटरात शिट्टी मारायला जे तोंड उघडतं, ते साक्षीच्या पिंजऱ्यातही उघडलं पाहिजे.