भिंतीला स्क्वेअर फूट कळत नाहीत

मंडळी, आज थोडं भांडायचंय. राऊटरच्या खोक्यावर अमुक इतके स्क्वेअर फूट कव्हरेज असं छापणाऱ्यांशी, आणि ते वाचून "अजून दोन अँटेनावाला घे" असा सल्ला देणाऱ्या आपल्याच आयटीवाल्यांशी. स्क्वेअर फूट फरशीचे असतात हो, सिग्नल जातो भिंतीतून!

पुण्याच्या फ्लॅटमध्ये हा सल्ला खपून जातो, कारण आतल्या भिंती चार-सहा इंची. पण परंडा तालुक्यातल्या सोनारीसारख्या गावात, दगड-मातीच्या जुन्या माळवदाच्या घरात भिंत दोन-दोन फुटांची. तिथे जमाखर्च मांडावाच लागतो.

मांडूया. राऊटर १०० मिलीवॅट फेकतो, म्हणजे २० डीबीएम. अँटेनाचे ३ जमा, झाले २३. आता खर्च. २.४ गिगाहर्ट्झवर मोकळ्या हवेत पहिल्या मीटरलाच ४० डीबी जातात, १० मीटरला ६०. उरले उणे ३७, म्हणजे झकास. आता मधे दोन दगडी भिंती. एकीचे २० डीबी धरा (दगड, ओल, जाडी यांवर कमीजास्त होईल). आकडा उणे ७७ वर! ४० डीबी गेले म्हणजे शक्ती दहा हजारांश झाली. व्हिडिओ कॉल नीट चालायला साधारण उणे ६७ तरी हवेत.

आता तो महागडा ९ डीबीआयचा अँटेना लावा. जमेत ६ वाढले, उणे ७१. तरी नापासच. शिवाय अँटेना शक्ती निर्माण करत नाही, फक्त वळवतो. आडवं जास्त फेकलं की वर माडीला कमी. ५ गिगाहर्ट्झला तर हवेतच आणखी ७ डीबी जातात, भिंत वेगळी.

"मग पॉवर वाढव!" वाढवा. पण वायफाय हा संवाद आहे, कीर्तन नव्हे. मोबाईल परत बोलतो तो १५ डीबीएमच्या आसपास. राऊटरने कितीही बोंब मारली तरी मोबाईलचा आवाज तेवढाच. दांड्या फुल्ल, आणि कॉलवर समोरचा म्हणतोय "आवाज तुटतोय". दांड्या एकच बाजू दाखवतात.

उपाय काय? लॅनची वायर. १०० मीटरपर्यंत बिनधास्त चालते. भिंतीला एक भोक, आतल्या खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट. चार मीटरला खर्च ५२, हातात उणे २९. वायर पाइपातून न्या म्हणजे झालं, सोनारीत माकडं काय कमी आहेत? :)

कोणी म्हणेल, हे इंजिनिअरचं काम. अहो, ही बेरीज-वजाबाकी आहे! किराणावाला रोज याहून अवघड हिशेब करतो.

आणि हा वाद नुसत्या राऊटरचा नाही. भारतनेटची मूळ योजना २०११ साली मंजूर झाली, ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची. एवढा खटाटोप करून नेट दारापर्यंत आणायचं आणि शेवटच्या दहा मीटरात घालवायचं? वर मॅनेजरने ठरवायचं, "गावाकडून काम होत नाही." आईवडिलांजवळ राहून नोकरी करू पाहणाऱ्या पोराला मग पुन्हा पुण्याची एसटी.

गाव नापास झालेलं नसतं. आपण वजाबाकी केलेली नसते.