सोडून जाण्याची मोकळीक

दूरसंचार खात्याचे अभियंते आणि कर्मचारी घडवणारे शहर म्हणून जबलपूरचा लौकिक जुना आहे. रिज रोडवरचे प्रशिक्षण केंद्र १९४२ सालचे. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. म्हणजे या गावात ज्ञान होते, माणसे होती, सरकारी यंत्रणाही होती. तरीही इथल्या साध्या नोकरदाराच्या खिशात फोन यायला एकविसावे शतक उजाडावे लागले. ग्राहक मिळावा म्हणून ज्याची झोप उडावी असा विक्रेताच तोवर नव्हता. गेल्या तीस वर्षांतले दर ओळीने मांडून पाहिले, तर मोबाइल स्वस्त कधी झाला आणि महाग कधी झाला, याचे उत्तर स्पर्धेपाशी येऊन थांबते. स्पर्धा म्हणजे केवळ कंपन्यांची संख्या नव्हे. ग्राहकाला एकीला सोडून दुसरीकडे जाता येणे, ही तिची खरी कसोटी आहे.

१९९५ च्या सुमारास देश दूरसंचार मंडळांत विभागून प्रत्येक मंडळात दोनच खासगी कंपन्यांना परवाने दिले गेले. आपले मंडळ मध्य प्रदेशाचे. छत्तीसगड राज्य वेगळे झाले तरी दूरसंचाराच्या नकाशावर ते अजून आपल्यातच आहे. इथे आरपीजी आणि रिलायन्स या दोन कंपन्या आल्या. त्या काळी गर्दीच्या वेळी एका मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर होता आणि येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत. फोन वाजला की नंबर पाहून तो कापायचा आणि जवळच्या पीसीओतून उलट लावायचा, ही रीत त्यातूनच पडली. कंपन्यांवर परवाना शुल्काचे प्रचंड ओझे होते, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. १९९९ च्या धोरणाने ठरावीक शुल्क काढून उत्पन्नातला हिस्सा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ते ओझे हलके झाले. पण ओझे हलके झाल्याचा लाभ ग्राहकाला आपोआप मिळत नाही. तो द्यायला भाग पाडणारे कोणी तरी लागते.

ते भाग पाडणारे २००२ पासून आले. चौथा परवाना भारतीने (एअरटेलने) घेतला, तर तिसरा खेळाडू म्हणून बीएसएनएलची मोबाइल सेवा ऑक्टोबर २००२ मध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी रिलायन्स इन्फोकॉमने ५०१ रुपयांत फोन हातात ठेवला. १ मे २००३ पासून येणारा कॉल फुकट झाला. मार्च २००६ मध्ये सरकारी कंपन्यांच्या ‘वन इंडिया’ योजनेने देशात कुठेही एका रुपयात मिनिटभर बोलता येऊ लागले. रात्री दर उतरण्याची वाट पाहत एसटीडी बूथवर ताटकळणाऱ्या, नागपूर-पुण्याला नातीगोती असलेल्या इथल्या मराठी कुटुंबांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. जून २००९ मध्ये टाटा डोकोमोने एका सेकंदाला एक पैसा हा हिशेब आणला. तोपर्यंत पाच सेकंद बोलले तरी अख्ख्या मिनिटाचे पैसे जात. या यादीत एक गोष्ट ठळक दिसते. जिचे ग्राहक आधीच भरपूर आहेत, अशा खासगी कंपनीने आपणहून दर पाडल्याचे उदाहरण यात नाही. पहिला हात नेहमी उशिरा आलेल्याने किंवा सरकारी कंपनीने घातला आणि बाकीच्यांना मागोमाग यावे लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने तेच केले. त्याआधी एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. दोनच वर्षांत तो सरासरी बारा रुपयांच्या आत आला.

यावर जाणकारांचा आक्षेप असतो की, स्वस्ताई तंत्रज्ञानामुळे आली, स्पर्धेमुळे नव्हे. यात तथ्य आहे. फोर-जीमुळे डेटाचा खर्च खरोखर घटला. पण २००० सालचे आणि २००४ सालचे जीएसएम तंत्र काही मुळातून वेगळे नव्हते, दर मात्र जमीन-अस्मानाइतके वेगळे होते. उलट बाजूने पाहा. जून २०२४ मध्ये तंत्रज्ञान मागे गेले नव्हते, टॉवर कोसळले नव्हते. तरी २७ जूनला जिओने दरवाढ जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने. जिओचा २८ दिवसांचा २३९ रुपयांचा पॅक २९९ वर गेला. यंत्रे तीच, दर वेगळे. बदलली होती ती बाजारातली गर्दी. एअरसेल, टेलिनॉर, टाटा, रिलायन्स कम्युनिकेशन्स हे सगळे तोवर मैदानाबाहेर गेले होते. आपल्याकडच्या जुन्या आरपीजीचा वारसा चालवणारी आयडियाही २०१८ मध्ये व्होडाफोनशी एकत्र झाली होती.

इथे दुसरा, अधिक वजनदार आक्षेप उभा राहतो. या कंपन्यांना स्पर्धेनेच तर खाल्ले! बँकांची कर्जे बुडाली, हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ही स्वस्ताई काय कामाची? हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. माझ्या मते सप्टेंबर २०१६ पासून मार्च २०१७ पर्यंत चाललेली जिओची फुकट सेवा नियामकाने इतकी लांबू द्यायला नको होती. त्याविरुद्धची एअरटेलची तक्रार स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये फेटाळली, कारण नवागत कंपनीचे बाजारावर वर्चस्व आहे असे म्हणता येत नव्हते. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल, पण मागे भक्कम भांडवल असलेला नवागत वर्चस्व मिळेपर्यंत तोटा सोसू शकतो, ही शक्यता त्या चौकटीत बसत नाही. म्हणून फुकट मिळालेला महिना हा स्पर्धेचा लाभ समजू नये. पाच वर्षांनी निवडायला किती कंपन्या उरल्या, हे मोजावे.

शिवाय निवड कागदावर असून भागत नाही. २० जानेवारी २०११ पासून नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. तोवर दुकानदार, डॉक्टर, वकील वाईट सेवा निमूट सोसत, कारण नंबर गेला तर गिऱ्हाईक जायचे. सुरुवातीला १९ रुपये असलेले या सोयीचे शुल्क पुढे साडेसहा रुपयांच्या आत आले. जुलै २०२४ ची दरवाढ झाली तेव्हा या सोयीचे बळ दिसले. त्या एका महिन्यात बीएसएनएलकडे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे घटले. पण काही महिन्यांतच हा ओघ उलटला, कारण बीएसएनएलकडे पुरेसे फोर-जी नव्हते. स्वदेशी फोर-जीचे देशव्यापी उद्घाटन व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. मंडला-दिंडोरीच्या जंगलपट्ट्यातल्या ज्या गावात एकाच कंपनीची रेंज येते, तिथे तर पोर्ट करण्याच्या हक्काला अर्थच उरत नाही. नफा दिसत नाही तिथे टॉवर उभारणे, हे काम सरकारी कंपनीचेच आहे.

आज चारपैकी दोन कंपन्यांत सरकारचा मोठा पैसा आहे. बीएसएनएल पूर्ण सरकारची आहे आणि व्होडाफोन-आयडियात २०२५ पासून जवळपास ४९ टक्के हिस्सा आहे. तेव्हा स्पर्धा टिकवणे आमच्या हातात नाही, असे सरकारला म्हणता येणार नाही. आपल्यालाही हात झटकता येणार नाहीत. घरात कोणाची रेंज चांगली येते ते शेजाऱ्यांच्या फोनवर पाहा. सेवा वाईट असेल तर ‘PORT’ लिहून पुढे आपला नंबर टाका आणि १९०० वर पाठवा. ज्या आजी-आजोबांना फक्त बोलायचे असते, त्यांच्यासाठी डेटाविना फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवण्याचे बंधन ‘ट्राय’ या नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांवर घातले आहे. दुकानदार तो आपणहून सांगणार नाही. नाव घेऊन मागा.