ओव्याच्या तेलाचे माप आम्हाला हवे आहे

मा. संचालक,
केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था, पुणे



महाबळेश्वरच्या डोंगरात माझ्या सातेरी मधमाशांच्या अठरा पेट्या आहेत. दोन पावसाळ्यांपूर्वी एका पेटीतला पिलावा बिघडला. अळ्या पिवळट पडल्या आणि घरावर मेणाचे झाकण चढण्याआधीच वेड्यावाकड्या होऊन मेल्या. चौकट उचलली की आंबूस वास यायचा. ही युरोपियन फाउलब्रूडची लक्षणे. महाराष्ट्रातल्या सातेरीत या जिवाणूरोगाची नोंद 1971 मध्येच झालेली आहे.

कुणीसे म्हणाले, गवती चहाचे तेल घाल. मी माशांना द्यायच्या साखरेच्या पाकात आठ-दहा थेंब घातले. तिसऱ्या दिवशी राणीसकट सगळ्या माशा निघून गेल्या होत्या. पेटीत मेलेला पिलावा तेवढा राहिला.

तेलात गुण नाही, असे मी म्हणत नाही. ओव्यातले थायमॉल, लवंगेतले युजेनॉल, गवती चहातले सिट्रल जिवाणूच्या पेशीचे आवरण खिळखिळे करतात, हे प्रयोगशाळेतल्या बशीत पुन्हा पुन्हा दिसले आहे. पण पेटीतली गोष्ट वेगळी. तेल पाकात मिसळत नाही, वर तवंग धरते. एका माशीला भारी मात्रा मिळते, दुसरीला काहीच नाही. अळीपर्यंत ते पोचणार दाई माशीच्या तोंडातूनच. त्यातून माशांचा सगळा कारभार वासावर चालतो. कामकरी माशा एकमेकींना बोलावताना जो गंध सोडतात, त्यात सिट्रलही असते! आणि सातेरी ही मेलिफेरा या युरोपीय मधमाशीसारखी सोशिक नाही, जरा बिनसले की घर सोडते. मेलिफेरावर ठरलेली मात्रा तिला कशी लावायची?

प्रतिजैविकांकडे मला वळायचे नाही. त्यांचे अंश मधात उतरतात. 2010 मध्ये युरोपीय संघाने भारतीय मध थांबवला, त्यात हेही एक कारण होते. अमेरिकन फाउलब्रूड या दुसऱ्या जिवाणूरोगाचे बीजाणू तर कित्येक दशके टिकतात, तिथे तेलाच्या भरवशावर कुणी जुनी चौकट ठेवू नये. हेही मधपाळांना आपणच ठणकावून सांगायला हवे.

म्हणून विनंती अशी, की ओवा आणि गवती चहा यांच्या तेलांची चाचणी सातेरीवर, आमच्या डोंगरात, पावसाळी हवेत घ्यावी. एक लिटर पाकाला किती तेल, ते पाकात मिसळायचे कसे, किती वसाहती टिकल्या, किती उडाल्या, मधाला वास किती दिवस राहिला, हे सगळे मोजावे. शेजारी काही पेट्यांत तेलाचा थेंबही न घालता नुसती नवी राणी आणि स्वच्छ पोळी द्यावीत. कदाचित तेवढ्यानेच भागेल. तेल निरुपयोगी ठरले तर तेही मराठीत छापून गावोगावी पाठवावे. एकेका फसलेल्या थेंबापायी आमची एकेक वसाहत जाते.

चाचणीसाठी माझ्या सहा पेट्या घ्या. जूनमध्ये फुलोरा संपला की आम्ही पाक द्यायला लागतो. त्याआधी आपली माणसे आली तर पेट्या कुठे मांडायच्या ती जागा दाखवून ठेवीन.

आपला,
महाबळेश्वर तालुक्यातील एक मधपाळ