गाणे आसोद्याचे

कवितेने सर्वांच्या मनाला हात घालावयाचा, तर तिने सर्वांना परिचित अशाच गोष्टी सर्वसामान्य शब्दांत सांगितल्या पाहिजेत, असे पुष्कळांना वाटते. मला हे मत पटत नाही. बहिणाबाई चौधरी यांची गाणी वाचल्यावर ते कोणालाही पटू नये.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली खानदेशातील आसोदे या गावी झाला. त्यांना अक्षरओळख नव्हती. घर आणि शेत यांतच त्यांचे आयुष्य गेले. ऐन तारुण्यात वैधव्य आले. काम करता करता त्यांच्या मुखी जी गाणी येत, ती पुत्र सोपानदेव आणि आप्त यांनी टिपून ठेवली, म्हणूनच ती वाचली. न टिपलेली किती गेली, त्यांची गणती नाही. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला.

या गाण्यांत आहे तरी काय? जाते, चूल, नांगर, सुगरणीचा खोपा, माहेरची वाट. बोलीही जळगावकडची; पुण्याच्या वा कोकणातील वाचकाला काही शब्द विचारून घ्यावे लागतात. असे असूनही, ज्याने जन्मात नांगर धरला नाही, तोही ही गाणी वाचताना क्षणभर स्तब्ध होतो. उभ्या पिकात शिरलेले ढोर कितीही हाकलले तरी पुन्हा पिकावरच येते. मनही तसेच, असे बहिणाबाई म्हणतात. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडून बसलेल्या विद्यार्थ्याने ढोरे राखलेली नसतील. पण हाकलल्यावर परत येणारे मन त्याच्यापाशी असतेच. 'मन चंचल आहे' हे वाक्य त्याने शंभरदा वाचलेले असते. ते खरेही आहे. परंतु त्याने कोणाचे काळीज कधी हलले आहे काय?

दुःखाचेही तसेच. वैधव्याविषयी बोलताना बहिणाबाई आक्रोश करीत नाहीत. कुंकू पुसले गेले, तरी गोंदण मागे उरले आहे, इकडे त्या आपले लक्ष वेधतात. ज्याच्या घरातील माणूस गेले आणि खुंटीवर त्याचा सदरा तेवढा राहिला, त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मग तो कोणत्याही गावचा असो.

घरची बोली ग्रंथात शोभत नाही, असे मानून ती वर्गात लपविणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील. त्या कोणी टिपून घेतल्या आहेत काय?