गाविलगडाखालचा वेलिंग्टन
१८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन त्याआधी बारा वर्षे, नुसता आर्थर वेल्स्ली असताना, वऱ्हाडात लढला होता, हे ऐकल्यावर अकोलेकराची पहिली प्रतिक्रिया बहुधा ‘आपल्या अडगावात?’ अशीच उमटते. तेल्हारा तालुक्यातील या गावाजवळ २९ नोव्हेंबर १८०३ रोजी त्याने नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला, आणि १५ डिसेंबरला त्याच्या सैन्याने चिखलदऱ्यानजीकचा गाविलगड, म्हणजे बाहेरच्या व आतल्या अशा दोन भागांत बांधलेला भोसल्यांचा गिरिदुर्ग, घेतला. बाहेरच्या तटाला तोफांनी खिंडारे पाडली, तरी आतल्या तटावर शिड्या लावूनच चढावे लागले. दोनच दिवसांत देवगावचा तह झाला. बर्नार्ड कॉर्नवेल यांची ‘शार्प्स फोर्ट्रेस’ ही इंग्रजी कादंबरी याच वेढ्यावर बेतलेली आहे. थंड हवेसाठी चिखलदरा गाठणाऱ्यांना मात्र तिचा पत्ता क्वचितच असतो.